उसन्या कानांचे हत्ती

श्रोतेहो, इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकाने नभोवाणीवर यावे आणि मराठ्यांच्या मोहिमा, ताम्रपट अगर किल्ले सोडून टारझनच्या बोलपटावर बोलावयास बसावे, हे आपणांपैकी कित्येकांस खटकल्यावाचून राहणार नाही. मलाही प्रथम ते खटकलेच होते. परंतु विचार करता असे वाटू लागले की, ज्या वस्तूने तीन-चार पिढ्यांचे मनोरंजन केले आणि एका अख्ख्या खंडाविषयी त्या पिढ्यांची समजूत बनविली, ती वस्तू इतिहासाच्या कक्षेबाहेरची कशी मानावयाची? ताम्रपट बनावट निघाला तर आपण त्याची चिकित्सा करतो. मग चित्रपटानेच काय पुण्य केले आहे? शिवाय ह्या विषयात आमच्या कोल्हापूरचाही एक धागा गुंतलेला आहे. तो उकलून दाखविण्याचा मोह मला आवरत नाही, हे आरंभीच कबूल करतो.

माझे गाव मुरगूड. कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी, निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. गावच्या तलावाला सर पिराजीराव घाटगे यांचे नाव आहे. राजर्षी शाहू महाराजांचे हे धाकटे बंधू कागलचे जहागीरदार होते. गावापासून पश्चिमेस तोंड करून चालू लागले की उसाची शिवारे हळूहळू मागे पडतात, डोंगर जवळ येतात, आणि अखेर दाजीपूरचे अरण्य लागते. म्हणजे खरे रान आम्हांस परके नव्हते. तरीही माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या एका उन्हाळ्यात, सुगी आटोपल्यावर गावाबाहेर सिनेमाचा तंबू पडला आणि त्यात टारझनचा इंग्रजी बोलपट लागणार असे कर्ण्यावरून पुकारले गेले, तेव्हा सारे गाव लोटले. खरे रान ज्यांच्या उंबऱ्याशी, ते लोक पैसे मोजून खोटे रान पाहावयास का धावले? ह्या प्रश्नाने मला आयुष्यभर सोडलेले नाही.

तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. खाली जमीन, वर जागजागी विरलेले कापड, मध्ये दोरी बांधून एकीकडे बायका व दुसरीकडे पुरुष. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपले की दिवे लागत आणि दुसरे रीळ चढेपर्यंत शेंगांची टरफले फोडण्याचा आवाज चाले. इंग्रजी संभाषण कोणासच कळत नसे. तंबूवाल्याचा एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून आमच्या बोलीत कथा सांगे. पुढे मी मूळ चित्रपट अनेक वेळा पाहिला, तेव्हा कळले की त्या गृहस्थाची कथा निम्मी त्याच्या पदरची होती. तिच्यातली एक-दोन स्थळे मूळ चित्रपटाहून सरस होती, असे माझे आजही मत आहे!

तो चित्रपट म्हणजे मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या अमेरिकन कंपनीचा १९३२ सालचा 'टारझन द एप मॅन'. कथा थोडक्यात अशी. आफ्रिकेत पार्कर नावाचा एक वृद्ध इंग्रज व्यापारी आपल्या होल्ट नावाच्या तरुण भागीदारासह हत्तींचे स्मशान शोधीत आहे. मरणासन्न हत्ती एकाच गुप्त जागी जाऊन प्राण सोडतात व तेथे हस्तिदंताच्या राशी पडलेल्या असतात, अशी ती दंतकथा. पार्करची कन्या जेन विलायतेहून तेथे येते आणि हट्टाने मोहिमेत सामील होते. उभ्या कड्यावरून चढताना, नदी उतरताना हमाल मरत जातात. त्यांच्यासाठी कोणी फारसे थांबत नाही. मग झाडांवरून एक आरोळी ऐकू येते आणि वानरांत वाढलेला गोरा पुरुष जेनला उचलून नेतो. ती प्रथम भिते, मग रागावते, मग हसते, आणि चित्रपटाच्या शेवटी त्याच्यापाशीच राहते. बाप हत्तींच्या स्मशानात देह ठेवतो, भागीदार हात हलवीत परत जातो.

कथेत ह्याहून अधिक काही नाही, आणि जे आहे त्यातही पुष्कळसे अशक्य आहे. तरीही मी तो चित्रपट आवडीने पाहतो. जेनच्या भूमिकेतील मॉरीन ओ'सलिव्हन ही आयरिश तरुणी आणि टारझन झालेला जॉनी वाइसम्युलर ह्यांचा ओळखीचा प्रसंग पाहावा. त्याला तिची भाषा येत नाही. ती आपल्यावर बोट ठेवून आपले नाव सांगते, त्याला त्याचे विचारते, आणि तो तीच दोन नावे एखाद्या मुलाला नवे खेळणे सापडावे तशी पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. 'मी टारझन, तू जेन' हे वाक्य जगभर प्रसिद्ध आहे, पण ते चित्रपटात कोणीही उच्चारीत नाही; लोकांनीच ते मागाहून बनविले. प्रेमाचा आरंभ दोन नावांनी होतो, एवढीच गोष्ट तेथे दाखविली आहे, आणि ती इतकी सहज साधली आहे की तिच्यापुढे मोठमोठी संभाषणे फिकी पडावीत.

वाइसम्युलर मूळचा नट नव्हताच. त्याचा जन्म १९०४ साली, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या व आजच्या रुमानियाच्या हद्दीतील एका खेड्यात झाला, आणि तान्हेपणीच तो आईबापांबरोबर अमेरिकेस गेला. १९२४ च्या पॅरिसच्या व १९२८ च्या अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याने पोहण्यात एकूण पाच सुवर्णपदके मिळविली. पडद्यावर तो पाण्यात उडी घेतो तेव्हा तेथे कसलीही लबाडी नसते. लबाडी आहे ती झाडांवर. वेलींना लोंबकळत जाणारा टारझन म्हणजे वस्तुतः सर्कशीतले झुलेवाले. हे आमच्या तंबूतल्या वृद्धांनी तत्काळ ओळखले असावे, कारण झुला म्हणजे काय हे दक्षिण महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. सांगलीजवळच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून ह्या मुलखाने झुल्यावरची माणसे आणि पिंजऱ्यातले वाघ पुष्कळ पाहिले होते. जाता जाता क्रिकेटच्या चाहत्यांसाठी सांगतो: चित्रपटातला वृद्ध पार्कर म्हणजे सी. ऑब्री स्मिथ. ह्या गृहस्थांनी आयुष्यात एकच कसोटी सामना खेळला, १८८९ साली दक्षिण आफ्रिकेत, आणि त्या एका सामन्यात ते इंग्लंडचे कप्तान होते! चित्रपटातील इतर मंडळींना जिचे दर्शनही झालेले नसेल, ती आफ्रिकेची भूमी त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेली होती.

कारण चित्रपटातले रान आफ्रिकेतले नव्हे. ते कॅलिफोर्नियातले. लॉस एंजलिसच्या आसपासच्या टोलुका व शेरवुड ह्या तलावांच्या काठी ते उभारले गेले. दिग्दर्शक व्हॅन डाइक ह्याने ह्याआधी 'ट्रेडर हॉर्न' नावाचा चित्रपट प्रत्यक्ष आफ्रिकेत जाऊन घेतला होता. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला, पण त्या प्रवासात मंडळी जेरीस आली. नायिका तेथून जे दुखणे घेऊन आली त्याने ती कित्येक वर्षे अंथरुणाला खिळली. शहाण्या कंपनीने त्यावरून धडा घेतला. उरलेली आफ्रिकेची चित्रफीत मागच्या पडद्यावर सोडावयाची आणि तिच्यापुढे कॅलिफोर्नियात नट उभे करावयाचे, अशी युक्ती निघाली. बारकाईने पाहणाऱ्यास आरंभीच्या भागात हा जोड स्पष्ट दिसतो: मागे खरी माणसे चालत आहेत, आणि पुढे जेन त्यांच्याकडे पाहून आश्चर्य करीत आहे, दोघांमध्ये एक महासागर आहे.

आता हत्तींविषयी. आमच्या तंबूत त्या रात्री माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. तरुणपणी संस्थानच्या हत्तीखान्यात त्यांनी माहुताच्या हाताखाली काम केले होते. टारझनच्या आरोळीसरशी हत्तींचा कळप धावत आला आणि सारा तंबू टाळ्या पिटू लागला, तेव्हा हे गृहस्थ मात्र पुढे वाकून पडद्याकडे टक लावून राहिले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आरं, हत्ती आपल्याकडचा हाय. कान तेवढं उसनं लावल्यात." मला वाटले, म्हाताऱ्याची दृष्टी मंदावली असावी. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी ह्या चित्रपटांच्या घडणीविषयी वाचावयास मिळाले, तेव्हा कळले की त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. आफ्रिकेचा हत्ती सहसा माणसाळविला जात नसल्याने अमेरिकन कंपन्यांपाशी होते ते आशियातले, आपल्या जातीचे हत्ती; त्यांना मोठाले खोटे कान चिकटवून आफ्रिकन बनविण्यात आले होते. कान लावता येतात, पाठ कशी बदलावी? आपल्या हत्तीची पाठ मध्ये उंचावलेली, आफ्रिकेच्या हत्तीची मध्ये खोलगट. आपल्या हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे, त्याचे कपाळ सपाट वाहते. आपल्याच्या सोंडेच्या टोकाशी एक बोट, त्याच्या दोन. जगातल्या लक्षावधी सुशिक्षित प्रेक्षकांना जे दिसले नाही, ते मुरगूडच्या तंबूत शेंगा खात बसलेल्या एका निरक्षर माणसाने पहिल्या दृष्टीक्षेपात सांगितले.

मूळ कादंबरीकार एडगर राइस बरोज ह्याची कथाही अशीच. त्याने आफ्रिका कधी पाहिली नाही. अनेक धंद्यांत अपेशी ठरलेल्या ह्या शिकागोच्या मनुष्याने १९१२ साली एका स्वस्त मासिकात टारझनची कथा लिहिली, आणि तीत चक्क आफ्रिकेत वाघ घातला! वाचकांनी ओरड केल्यावर १९१४ च्या पुस्तकात त्या वाघाची सिंहीण झाली. तो वाघ आला कोठून, हे ओळखणे मला कठीण वाटत नाही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि लांडग्यांत वाढलेला मोगली व त्याचा वैरी शेरखान तोवर घराघरांत पोचले होते. स्वतः किपलिंगनेही टारझनला आपल्या मोगलीच्या नकलांतच गणले आहे. मोगलीचे अरण्य म्हणजे नागपूरच्या उत्तरेचे सिवनीचे रान. तेव्हा टारझनच्या वंशावळीचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या दाराशी येऊन पोचते: मुलगा आपल्याकडचा, वाघ आपल्याकडचा, हत्ती आपल्याकडचे.

आणि एक नावही आपल्याकडचेच. टारझनच्या चित्रपटांत एक चिंपांझी वानर आहे, लहान मुलांचे फार लाडके. बरोजच्या कादंबऱ्यांत ते नाही. ते चित्रपटवाल्यांनी निर्माण केले आणि त्याचे नाव ठेविले 'चीता'. संस्कृत 'चित्रक', हिंदी 'चीता', मराठी 'चित्ता', तोच शब्द इंग्रजीत गेला आणि ह्या वानराच्या गळ्यात पडला. हे ऐकून कोल्हापूरकरास हसू आल्यावाचून राहत नाही, आणि हसल्यावर थोडे वाईटही वाटते. कारण चित्ता म्हणजे काय, हे ज्या थोड्या शहरांनी विसाव्या शतकात रस्त्यावर पाहिले, त्यांत कोल्हापूर होते.

शाहू महाराजांस शिकारीचा व जनावरांचा नाद जबरदस्त. त्यांच्या काळची साठमारी, म्हणजे मैदानात मत्त हत्तीला डिवचून त्याच्यापुढे धावण्याचा जिवावरचा खेळ, संपून गेली, पण ते नाव शहरात अद्याप टिकून आहे. चित्त्याची शिकार हा त्याहून नाजूक प्रकार. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीत बसवावयाचे, काळविटांच्या कळपाजवळ गाडी हळूच न्यावयाची, आणि टोपी काढावयाची. चित्ता काळवीट निवडतो, धावतो, गळा धरतो. सारा खेळ मिनिटभराचा. मग चित्तेवान धावत जाऊन त्याच्या तोंडी दुसरे मांस देतो आणि शिकार सोडवून घेतो. हिंदुस्थानातले चित्ते संपत आल्यावर संस्थानिकांनी ते आफ्रिकेहून आणविले. १९१८ ते १९४५ ह्या काळात दोनशेच्या आसपास चित्ते ह्या रीतीने आले, आणि ते बाळगणाऱ्यांत भावनगर व कोल्हापूर ही संस्थाने प्रमुख होती. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही ही शिकार चालू होती. म्हणजे पाहा: हॉलिवुड आपले हत्ती नेऊन त्यांना आफ्रिकेचे म्हणून दाखवीत होते, त्याच वर्षांत कोल्हापूर आफ्रिकेचे चित्ते आणून ते आपल्या माळावर आपले म्हणून सोडीत होते.

१९३२ सालीच, ज्या वर्षी वाइसम्युलरची आरोळी प्रथम घुमली त्याच वर्षी, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने 'माया मच्छिंद्र' हा बोलपट काढला. ह्या नगरीत बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली होती आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणली होती. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ह्या मंडळींनी सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह १९२९ मध्ये प्रभातची स्थापना केली होती. 'माया मच्छिंद्र' चे दिग्दर्शन शांतारामबापूंचे. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ झाले होते, विनायक गोरखनाथ, आणि स्त्रीराज्याची राणी किलोतळा झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. ह्या राणीच्या दिमतीला एक पाळीव चित्ता आहे. नवनाथांच्या पोथीतील राणीपाशी चित्ता असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या शहरात चित्ते बाळगले जात होते तेथे ती कल्पना सुचली ह्यात नवल ते काय? मला स्वतःला हा चित्ता फार महत्त्वाचा वाटतो. तोंडाला रंग लावलेल्या माणसांच्या त्या दरबारात तो एकच जीव असा आहे की ज्याला आपण नाटकात आहोत हे ठाऊक नाही. दुर्गाबाईंच्या मुद्रेवरील निर्भय तोरा पाहावा आणि मग हॉलिवुडच्या जेनचा पहिल्या भेटीतला आक्रोश आठवावा. दोघींच्या तुलनेत पारडे कोणाकडे झुकते हे मी सांगत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्याचा असल्याने माझी साक्ष पक्षपाती ठरेल.

टारझनला मात्र आपल्याकडे हिंदी अवतार लवकरच मिळाला. मुंबईच्या वाडिया मुव्हीटोनने १९३७ साली 'तूफानी टारझन' काढला. दिग्दर्शक होमी वाडिया, टारझन झाला पिळदार शरीराचा जॉन कावस. ह्याच कंपनीने 'हंटरवाली' १९३५ मध्ये काढून नादिया ह्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या तरुणीस घोड्यावर बसविले होते, आणि १९४२ मध्ये तिलाच 'जंगल प्रिन्सेस' केले. ह्या चित्रपटांस त्या काळच्या सुशिक्षितांनी नाके मुरडली. थोडीशी मीही मुरडीत असे. परंतु हा विनोद ध्यानात घेण्यासारखा आहे की, मोगलीवरून टारझन झाला, टारझनवरून पुन्हा हिंदी टारझन झाला, आणि एवढा फेरा करून तो मुलगा मूळच्या रानात परत आला तेव्हा त्याला कोणी ओळखलेच नाही.

आपल्या जुन्या वाङ्मयात अरण्य काही कमी नाही. राम-सीतेचा दंडकारण्यातला वास आमच्याच मुलखात घडला असे आपण मानतो. दमयंती रानात एकटी पडते, पांडव बारा वर्षे रानात काढतात. पण आपल्या कथेतला मनुष्य रानात जातो तो शापाने, वचनाने अगर तपासाठी. मुदत संपली की तो परत येतो, आणि नगर त्याची वाट पाहत असते. जेन जाते ती हस्तिदंताच्या व्यापाराच्या वाटेने, आणि राहते ती आपल्या खुशीने. तिच्यावर कोणाचा शाप नाही, तिला परतण्याची मुदत नाही. ह्यातच ह्या चित्रपटाची मोहिनी आहे, असे मला वाटते. १९३२ साल म्हणजे अमेरिकेत घोर मंदीचे दिवस; लक्षावधी लोक बेकार. कचेरी नाही, भाडे नाही, घड्याळ नाही, झाडावर घर आणि खाली स्वच्छ पाणी, असे दृश्य पाहून त्या लोकांना काय वाटले असेल! आणि मुरगूडच्या लोकांना? आमच्या रानात पाऊस होता, जळवा होत्या, गवे होते, रात्री-अपरात्री चुकलेली म्हैस शोधीत हिंडणे होते. टारझनच्या रानात ह्यांतले काही नव्हते. जे रान राबविते ते उंबऱ्याशी होते. जे रान खेळविते ते पाहावयास आम्ही पैसे मोजले.

येथवर मी आनंदाने बोलत आलो. पुढची गोष्ट आनंदाची नाही.

ह्याच चित्रपटात बुटक्या रानटी लोकांची एक टोळी आहे. ते नायक-नायिकेस पकडतात, त्यांना एका प्रचंड गोरिलाच्या खड्ड्यात लोटतात, आणि अखेर हत्ती येऊन त्यांचे गाव तुडवितात. आफ्रिकेत खरोखर ठेंगू बांध्याचे, अरण्याचे ज्ञान अपार असलेले लोक आहेत. चित्रपटात त्यांची सोंगे घेतली आहेत अंगाला काळे फासलेल्या गोऱ्या ठेंगू नटांनी. हत्तीला उसने कान, तसा माणसाला उसना रंग. ज्यांच्या नावाने हे चालले होते त्यांचा देश तेव्हा बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड ह्यांच्या ताब्यात होता, आणि हस्तिदंतासाठी व रबरासाठी काँगोत काय झाले होते ते जगाला ठाऊक झालेले होते. चित्रपटात मात्र लुटावयास आलेले पाहुणे ठरले आणि घरचे लोक राक्षस.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पश्चिमेच्या डोंगरातल्या एका शाळेवर होतो. एके वर्षी मुलांच्या करमणुकीसाठी आम्ही शिक्षकांनी भाड्याने व्हिडिओ आणून हाच चित्रपट दाखविला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांचा खेळ सुरू झाला. वर्गात धनगरवाड्यावरून तासभर चालत येणारा एक मुलगा होता. काळासावळा, अंगाने लहान, बोलण्यात बुजरा. मुलांनी त्याला बुटक्यांचा राजा केला, खड्ड्यात लोटले, आणि 'जंगली' म्हणून हाका मारल्या. मी व्हरांड्यात उभा होतो. मला त्या नकलेचे हसू आले, आणि मी हसलो हे त्या मुलाने पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

आठवडाभराने मी धनगरवाड्यावर गेलो. मुलगा म्हशींमागे रानात होता. त्याच्या आजोबांनी मला वाट दाखविली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे बरोबर चाललो, आणि त्या बुजऱ्या मुलाने मला त्या तासाभरात जेवढे शिकविले तेवढे मी त्याला वर्षभरात शिकविले नसेन. गवा वाटेत उभा असला तर काय करावे, अस्वलाने खणलेली जमीन कशी ओळखावी, कोणत्या झाडाखाली पावसात उभे राहू नये. मग तोच हसून म्हणाला, "गुरुजी, त्यो टारझन वरडतोय कशाला? रानात वरडतोय त्यो चुकल्याला आसतोय." मी त्याची क्षमा मागावयास हवी होती. त्या काळी शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची रीत नव्हती. मी त्याच्यासाठी नेलेली वही-पेन्सिल त्याच्या हाती दिली आणि उद्या ये म्हणून सांगितले. तो आला, पण त्या वर्षापुरताच.

त्यानंतर मी हा चित्रपट वर्गात कधी दाखविला नाही असे मात्र नाही. दाखविला, पण आधी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढून, आणि मध्ये थांबवून. मुलांना कानांचे गुपित सांगितले की त्यांची नजर तीक्ष्ण होई. मग तीच मुले बुटक्यांच्या अंगाचा रंग ओळखीत. म्हैसूरजवळच्या कारापूरच्या साबूची गोष्टही मी सांगत असे. १९२४ साली जन्मलेल्या ह्या माहुताच्या मुलाला 'एलिफंट बॉय' ह्या चित्रपटासाठी निवडले गेले. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. पुढे तो इंग्लंडला व तेथून अमेरिकेस गेला, १९४२ च्या 'जंगल बुक' मध्ये मोगली झाला, महायुद्धात अमेरिकन विमानदलात लढला, आणि १९६३ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. हॉलिवुडच्या साऱ्या रानात हत्तीवर खरोखर बसता येणारा असा तो एकटाच नायक असेल. आणि त्याला आयुष्यभर कंबरेला वस्त्र गुंडाळूनच उभे केले गेले.

रानाचे पुढे काय झाले तेही सांगतो. दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ साली झाले, त्याचेच पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र वाढले, आणि २०१२ मध्ये सह्याद्रीच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. चित्ते गेले, १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्रीत तीन मारले, ते हिंदुस्थानातले अखेरचे मानले जातात, आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आणले गेले व दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले, तेव्हा वर्तमानपत्रांतून हे अभूतपूर्व असल्यासारखे लिहिले गेले. कोल्हापुरातल्या जुन्या माणसांनी ते वाचून मान हलविली असेल. आणि हत्ती? आमच्या चंदगड-आजऱ्याच्या बाजूस आता कर्नाटकातून रानटी हत्ती येतात. ऊस खातात, भाताची नासाडी करतात, माड मोडतात. ज्याच्या उसात ते शिरले त्या शेतकऱ्यापुढे टारझनची वाखाणणी करावयास मी जाणार नाही.

गेल्या दिवाळीत मी माझ्या सात वर्षांच्या नातीबरोबर तो जुना चित्रपट घरी बसून पाहिला. तिला मी काहीही सांगितले नव्हते. नावांचा प्रसंग तिला फार आवडला. ती माझ्या छातीवर बोट ठेवून "आजोबा" आणि आपल्या छातीवर ठेवून स्वतःचे नाव कितीतरी वेळ म्हणत होती. मग हत्ती धावत आले. माझे लक्ष पडद्याकडे नव्हते, तिच्याकडे होते. ती एकाएकी पुढे वाकली, अगदी त्या तंबूतल्या वृद्ध गृहस्थांसारखी, आणि म्हणाली, "आजोबा, त्या हत्तीचा कान निराळाच हलतोय." मी चित्र थांबविले, मागे नेले, आणि तो भाग तिला पुन्हा दाखविला. नंतर तिच्या आग्रहावरून आणखी एकदा पाहिला.